पडवीची खोली

(पाठपरिचय : कोकणातील जुन्या घरांना पुढच्या बाजूला पडवी असते. पडवी म्हणजे उतरत्या छपराची, पुढून उघडी किंवा जाळीची जागा. अशाच एका जीर्ण पडवीची बारा महिने राहता येईल अशी खोली कशी झाली, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे. हे काम करताना घरातल्या माणसांचा आणि निसर्गाचाही विचार कसा करावा लागतो, ते या पाठावरून समजते.)

आमचे गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी आहे. घर जुने, जांभ्या दगडाचे आणि मंगळुरी कौलांचे. घराच्या पुढे अठरा फूट लांब आणि आठ फूट रुंद पडवी होती. पडवीला लाकडी गज होते आणि गजांच्या आत तारेची जाळी होती. ही जाळी माझ्या आजोबांनी डासांसाठी लावून घेतली होती. खारट वाऱ्याने ती गंजली होती. जागोजागी भोके पडली होती. बोट लावले तर तार तुटून हातात येई.

तरीही ही पडवी म्हणजे घराचा जीव होती. दादीची बसण्याची जागा तिथेच होती. दाराजवळच्या ओट्यावर ती सकाळी तसबीह घेऊन बसे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिला सलाम किंवा नमस्कार करून पुढे जाई. कोण मुंबईहून आले, कोणाच्या घरी पाहुणे आले, मासळीवाली आज काय घेऊन आली, हे सारे घरात सर्वांत आधी दादीला कळे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड या तालुक्यांतही त्याने मोठे नुकसान केले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले. आमच्या पडवीची निम्मी कौले फुटली आणि जाळीचा एक भाग गजांसकट अंगणात जाऊन पडला.

त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. माझ्या आपाची मुलगी आमच्याकडेच राहत होती. ती आठवीत होती. तिचे वर्ग मोबाइलवर भरत आणि मोबाइलला नेट मिळे ते फक्त पडवीत! घरात कुठेही बसले की आवाज तुटत असे. पाऊस सुरू झाला आणि तिची वही भिजू लागली. ती मला म्हणाली, "मामू, मला बसायला कोरडी जागा द्या ना! माझा वर्ग रोज अर्ध्यावरच सुटतो."

कारागीर मिळत नव्हते. कौले मिळत नव्हती. मी घाई केली. फुटक्या कौलांवर ताडपत्री टाकली. जाळी काढून तिथे प्लायवूडचे तक्ते ठोकले. फटींत प्लॅस्टिक कोंबले. पडवी चारी बाजूंनी बंद झाली. मला वाटले, झाली खोली!

पण महिनाभरात त्या खोलीला कुबट वास येऊ लागला. भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. अब्बांची उर्दू पुस्तके मी तिथल्या कपाटात ठेवली होती. त्यांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढली. काही पानांना वाळवी लागली. अब्बा हयात नव्हते. त्यांच्या हातच्या खुणा असलेली ती पाने माझ्या हातात चुरा होऊन आली, तेव्हा मला फार वाईट वाटले. भाची त्या खोलीत बसली की शिंकत असे. दिवसासुद्धा दिवा लावावा लागे.

आणि दादी? तिच्या ओट्यापुढे आता प्लायवूड होते. ती आत माजघरात बसू लागली. तिने तक्रार केली नाही. पण ती फारशी बोलेनाशी झाली. अम्मी एकदा म्हणाली, "घराचे डोळे मिटलेस रे तू!"

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर महिन्यात, मी शेजारच्या वाडीतल्या एका वयस्क गवंड्यांना बोलावले. सगळे त्यांना काका म्हणत. काका आले. त्यांनी टेप काढली नाही, की कागद मागितला नाही. ते पडवीत नुसते उभे राहिले. मग त्यांनी मला विचारले, "मास्तर, इथं पाणी कुठून येतं?"

मी म्हणालो, "काका, पाऊस वरून पडतो, पाणी वरूनच येणार!"

काका हसले. म्हणाले, "वरून येतं ते दिसतं. पण पाण्याला चार वाटा असतात. वरून, बाजूनं, खालून आणि हवेतून. तुम्ही दोन वाटा बंद केल्यात. उरलेल्या दोन वाटांनी पाणी आत आलं आणि बाहेर जायला त्याला वाटच राहिली नाही."

ही गोष्ट मला नवीन होती. काकांनी माझ्या भाचीला हाक मारली. दप्तराला घालण्याचे जाड प्लॅस्टिक तिच्याकडून मागून घेतले. त्याचा हात-दीड हाताचा चौकोन कापला, जमिनीवर पसरला आणि चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या. ते म्हणाले, "उद्या सकाळी बघ. थेंब प्लॅस्टिकच्या खाली दिसले तर ओल जमिनीतून येते. वर दिसले तर हवेतून."

दुसऱ्या दिवशी भाची सर्वांच्या आधी उठली आणि ओरडतच आली, "मामू, थेंब खाली आहेत!"

विद्यार्थ्यांनो, जमिनीतले पाणी वर कसे चढते, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. एका बशीत थोडी शाई घ्या आणि खडूचे टोक तिच्यात बुडवून धरा. शाई खडूत वर चढताना दिसेल. खडूत बारीक बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून द्रव आपोआप वर ओढला जातो. याला केशाकर्षण म्हणतात. माती, वीट, जांभा दगड आणि जुना कोबा यांतही अशीच छिद्रे असतात. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरते आणि ओल हळूहळू वर चढते.

काकांनी मग एकेक वाट बंद करण्याचे काम हाती घेतले. पण त्याआधी त्यांनी लाकडाची परीक्षा केली. हातोडीच्या दांड्याने ते खांब आणि वासे ठोकून पाहत. चांगले लाकूड टणटण वाजे. पोखरलेले लाकूड ढबढब वाजे. जिथे शंका येई तिथे ते टोच्या खुपसत. चार खांबांपैकी दोन खांब बुंध्याशी कुजले होते. दोन वाशांना वाळवीने आतून पोखरले होते. ते वासे मध्येच वाकले होते. त्यामुळे कौलांचे सांधे उघडले होते आणि गळती होत होती. मी मात्र गळतीवर ताडपत्री टाकून मोकळा झालो होतो!

छपराला टेकू देऊन काकांनी कुजक्या खांबांचे हातभर बुंधे कापले. त्यांच्या खाली दगडाचे तळखडे बसवले. आता लाकूड ओल्या जमिनीवर नव्हते, दगडावर उभे होते. "लाकडाचे पाय कोरडे राहिले की ते आपल्यापेक्षा जास्त जगतं," असे काका म्हणाले.

मग पहिली वाट, छप्पर. वाकलेले वासे बदलले. रिपा नव्या ठोकल्या. धड कौले शेवाळ घासून पुन्हा वापरली. मंगळुरी कौलांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूर येथे या कौलांचा कारखाना काढला. तिथली कौले पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचली. एका कौलाची कड दुसऱ्या कौलाच्या खाचेत बसते, म्हणून पाणी आत शिरत नाही. प्रत्येक कौलाच्या खालच्या अंगाला एक लहान भोक असलेला उंचवटा असतो. वाऱ्याने कौल उडू नये म्हणून त्या भोकातून तार ओवून कौल रिपेला बांधता येते. आमच्या पडवीची कौले तशी बांधलेलीच नव्हती. वादळाचा जोर छपराच्या कडांवर सर्वांत जास्त असतो. म्हणून काकांनी कडेच्या सर्व ओळी तारेने बांधून घेतल्या. उजेडासाठी त्यांनी दोन काचेची कौलेही बसवली.

दुसरी वाट बाजूची. आमची पडवी पश्चिमेला तोंड करून आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो आणि पावसाची झड तिरपी आत येते. काकांनी वासे पुढे वाढवून छपराची वळचण दीड फुटाने बाहेर काढली. त्या वेळी ते शेजाऱ्यांकडे जाऊन आले. आमच्या वळचणीच्या पागोळ्या त्यांच्या अंगणात पडणार नाहीत ना, हे त्यांनी दोघांच्या समोर दोरी धरून पाहिले. पडवीचे स्वरूप बदलणार, म्हणून ग्रामपंचायतीतही आम्ही आधी विचारून घेतले.

पुढच्या बाजूला आणि एका कडेला तीन फूट उंचीची चिऱ्यांची भिंत घालायची ठरली. मी म्हणालो, "काका, छपरापर्यंत भिंतच घालून टाका." काकांनी भाचीच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, "आधी हिशेब कर." तिने जमिनीवर हिशेब मांडला. भिंतीची लांबी वीस फूट, उंची तीन फूट, जाडी नऊ इंच. म्हणजे ४५ घनफूट. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. जांभ्याचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन धरले, तर एवढ्याशा भिंतीचे वजन अडीच टनांच्या घरात गेले! काका म्हणाले, "हे ओझं कोण उचलणार?" त्यांनी जोत्याच्या कडेला खड्डा खणून दाखवला. पडवीचा पाया जेमतेम फूटभर खोल होता आणि तो नुसत्या मातीत रचलेल्या दगडगोट्यांचा होता. हलक्या जाळीला तो पुरेसा होता. भिंतीला पुरला नसता. दोन फुटांवर कातळ लागला. नवा पाया त्या कातळावर घेतला आणि भिंत तीन फुटांवरच थांबवली. तिच्यावर लाकडी खिडक्या आल्या.

जांभा हा आपल्या कोकणचा दगड. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. नाव अगदी योग्य आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, विटेसारखा कापता येतो. पुढे हवा लागली की तो कठीण होत जातो.

खिडक्यांच्या खाली उंबरठ्यासारखी दगडी फळी बसवली. ती बाहेरच्या बाजूला उतरती होती. तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, काकांनी एक खाच पाडून घेतली. मला तिचा उपयोग कळेना. काकांनी भरलेला पेला हळूच तिरपा केला. पाणी खाली न पडता पेल्याच्या अंगाला चिकटून मागे आले. ते म्हणाले, "पाणी असंच दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीत शिरतं. खाच आली की ते पुढं जाऊ शकत नाही, थेंब होऊन खाली पडतं." एवढीशी खाच, पण तिच्यामुळे सारी भिंत कोरडी राहते!

तिसरी वाट जमिनीची. जुना कोबा उखडला. खाली मोठ्या दगडगोट्यांचा थर दिला. मोठ्या दगडांमध्ये मोठ्या पोकळ्या असतात. पाणी बारीक छिद्रांतून वर चढते, मोठ्या पोकळीतून चढत नाही. त्या थरावर वाळू, वाळूवर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट आणि सर्वांत वर शहाबादी फरशी. नव्या भिंतीच्या तळाशीही जोत्याच्या पातळीवर सिमेंटचा आणि डांबराचा थर दिला, म्हणजे ओल चिऱ्यांतून वर चढणार नाही. घराबाहेर चर खणून पाण्याला वाट करून दिली. सिमेंटचे काम झाल्यावर सात दिवस त्यावर पाणी मारण्याचे काम भाचीकडे होते. ओल घालवण्यासाठी केलेल्या कामावरच पाणी मारायचे, याची तिला फार गंमत वाटली. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, हे तिला मी तेव्हा समजावले.

उरली चौथी वाट, हवेची. ती बंद करायची नव्हती, उघडायची होती! कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असते. माणसाच्या श्वासातूनही बाष्प बाहेर पडते. बंद खोलीत ते भिंतीवर, कपड्यांवर, पुस्तकांवर बसते आणि बुरशीला खाद्य मिळते. म्हणून काकांनी खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा लावल्या. आमच्याकडे अशा झडपेला झिलमिल म्हणतात. तिच्या पट्ट्या बाहेर खाली झुकलेल्या असतात. त्यामुळे पाऊस बाहेर राहतो आणि वारा आत येतो. समोरासमोरच्या दोन बाजूंना झिलमिली आल्या, म्हणजे वाऱ्याला यायला एक वाट आणि जायला दुसरी. झडपांच्या आत न गंजणारी नवी जाळी आली. आजोबांची डासांची काळजी अशी पुन्हा जागेवर आली.

उन्हाळ्याचाही विचार झाला. पश्चिमेचे ऊन कौले तापवते. कौलांच्या खाली अर्धा फूट जागा सोडून फळ्यांचे छत केले. काचेच्या कौलांखाली मात्र फळ्या घातल्या नाहीत. मधल्या पोकळीला खाली आणि वर हवेसाठी फटी ठेवल्या. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा खालची हवा घेते. पंखा नसतानाही खोली सुसह्य राहते.

एवढे सगळे ठरल्यावर एक दिवस काका ओट्याजवळ थांबले. ओट्याचा एक भाग वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झाला होता. त्यावर हात फिरवून त्यांनी विचारले, "मास्तर, खोली झाल्यावर आजी कुठं बसणार?"

मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर, मी तो विचारच केला नव्हता.

काकांनी दादीलाच विचारले. दादी म्हणाली, "बाबा, मुलीचा अभ्यास मोठा. माझं काय, मी कुठेही बसेन."

त्यावर भाची पुढे आली. "नाही दादी," ती म्हणाली, "मला एवढी मोठी खोली नको. मला टेबल आणि पुस्तकांचं कपाट मावलं की पुरे."

मग काकांनी खडूने जमिनीवर रेघ मारली. अठरा फुटांपैकी बारा फुटांची खोली आणि दाराजवळचे सहा फूट उघडेच. दोन्हींच्या मध्ये फळ्यांची भिंत आणि तिच्यात एक लहान खिडकी. दादीचा ओटा जागच्या जागी राहिला. मी मनातल्या मनात लाजलो. मी जे काम बंद करण्याचे समजत होतो, ते खरे तर काय बंद करावे आणि काय उघडे ठेवावे हे ओळखण्याचे काम होते.

मार्चअखेर खोली तयार झाली. जुनी विजेची तार काढून नवी घातली आणि ओल लागल्यास वीज आपोआप तोडणारे बटण बसवले. अब्बांची वाचलेली पुस्तके उन्हात सुकवून, पुसून नव्या कपाटात ठेवली. कपाट भिंतीला टेकवले नाही, मागे दोन इंच जागा सोडली.

खोलीची परीक्षा मात्र पावसाळ्याच्याही आधी झाली. त्या वर्षी रमजान ईद १४ मे २०२१ रोजी होती. ईदला दोनच दिवस झाले होते. १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. दिवसभर वारा घोंघावत होता आणि झडीवर झडी येत होत्या. आम्ही झडपा मिटल्या आणि आत बसून राहिलो. प्रत्येक आवाजाला माझी नजर छपराकडे जाई. कडेची बांधलेली कौले खडखडत होती, पण जागची हलली नाहीत.

सकाळी वारा पडला. भाची हातात कोरडा रुमाल घेऊन खोलीभर फिरली. तिने फरशी पुसून पाहिली, खिडकीखालची भिंत पुसून पाहिली आणि रुमाल माझ्यापुढे धरला. एका झडपेच्या कोपऱ्याशी थोडी ओल होती. बाकी रुमाल कोरडा होता. काकांना निरोप गेला. ते आले, त्यांनी ती झडप अर्धा इंच तासली आणि चहा घेऊन गेले. मजुरी घेतली नाही.

आता पावसाळ्यात भाची आत अभ्यासाला बसते. उघड्या भागात दादी बसते. मधल्या खिडकीतून दोघींचे बोलणे चालते. भाची मोठ्याने धडा वाचते. दादीला मराठी वाचता येत नाही, पण ऐकता ऐकता ती मध्येच थांबवते आणि विचारते, "हा लफ्ज काय म्हणालीस?" भाची अर्थ सांगते. परवा 'फरशी' हा शब्द आला. दादी हसून म्हणाली, "हा तर आपला फर्शच!"

रस्त्याने कोणीतरी जात होते. "आजी, बऱ्या आहात ना?" त्याने विचारले. दादीने हात वर केला आणि त्याला पाणी प्यायला बोलावले.

शब्दार्थ

पडवी – घरापुढची उतरत्या छपराची जागा
जीर्ण – जुने झालेले, झिजलेले
तसबीह – जपमाळ
माजघर – घराचा मधला भाग
कुबट – ओलीमुळे येणारा घाण वास असलेला
कोबा – चुना किंवा सिमेंट ठोकून केलेली जमीन
वासा – छपराला आधार देणारे उतरते लाकूड
रीप – वाशांवर आडवी ठोकलेली लाकडी पट्टी
टेकू – तात्पुरता आधार
तळखडा – खांबाखालचा दगड
वळचण – छपराची भिंतीबाहेर आलेली कड
पागोळी – वळचणीवरून पडणारी पाण्याची धार
झड – वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस
जोते – जमिनीपासून घराच्या तळापर्यंतचे बांधकाम
चिरा – कापलेला जांभा दगड

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाचीला पडवीतच बसून अभ्यास का करावा लागत होता?
(आ) काकांनी सांगितलेल्या पाण्याच्या चार वाटा कोणत्या?
(इ) कडेची कौले तारेने का बांधली?
(ई) मंगळूर येथे कौलांचा कारखाना कोणत्या साली निघाला?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने घाईने केलेल्या खोलीचे कोणते वाईट परिणाम झाले?
(आ) जमिनीतून येणारी ओल थांबवण्यासाठी काय काय केले?
(इ) भिंत तीन फुटांवरच का थांबवली?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) अम्मी म्हणाली, "घराचे डोळे मिटलेस रे तू!"
(आ) लेखक मनातल्या मनात लाजला.

प्र. ४. कोण कोणास म्हणाले?
(अ) "मास्तर, इथं पाणी कुठून येतं?"
(आ) "मला एवढी मोठी खोली नको."
(इ) "बाबा, मुलीचा अभ्यास मोठा."

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ओले, उघडे, जुने, हलके, आत

प्र. ६. फरशी, दरवाजा, इमारत, रस्ता, रुमाल हे शब्द मराठीत आणि उर्दूत थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : आपल्या घरात किंवा शाळेत ओल असलेली एक जागा शोधा. पाणी तिथे कोणत्या वाटेने येत असेल, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा. घरातील वडील माणसांना विचारून जुन्या घराच्या भागांची नावे मिळवा.